काळ्या पोशाखातली नवरी आणि आमची आक्का

सूडाची गोष्ट सांगायला सोपी, असे आपल्याला उगाच वाटते. एकाने दुसऱ्याचे वाईट केले, दुसऱ्याने त्याचा बदला घेतला. यात सांगणाऱ्याला अवघड ते काय? पण परवाच्या रविवारी आमच्या घरी एक फ्रेंच चित्रपट पाहिला आणि वाटले, की हे काम मोठमोठ्यांनाही साधत नाही. दिग्दर्शक साधासुधा नव्हे, फ्रान्स्वा त्रुफो. नायिका जान मोरो. संगीत बर्नार्ड हर्मनचे. आणि एवढे सगळे असून पावणेदोन तासांनी मी जांभई दाबत उठलो. आक्का मात्र उठली नाही. तिची हकीकत पुढे येईलच.

चित्रपटाचे नाव मराठीत सांगायचे तर ‘नवरी काळ्या पोशाखात होती’. साल १९६८. आमच्या पुतण्याच्या मुलाने तो टीव्हीला जोडून दिला, इंग्रजी भाषांतराच्या ओळी खाली येतील अशी व्यवस्था केली आणि “आजोबा, हा क्लासिक आहे” असे बजावून तो आपल्या मित्रांकडे निघून गेला. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात मी आणि आक्का असे दोघेच प्रेक्षक. आक्का एक्याऐंशी वर्षांची. चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवलेले, त्यामुळे खालच्या ओळी ती माझ्यापेक्षा लवकर वाचते.

कथानक असे. ज्यूली नावाच्या तरुणीचे लग्न लागते. चर्चच्या पायऱ्या उतरताना कुठून तरी गोळी येते आणि नवरा, डेव्हिड, तिच्या शेजारीच कोसळतो. ती खिडकीतून उडी टाकायला जाते, आई तिला आवरते. मग ती सामान बांधते, नोटांच्या पाच गड्ड्या करते, आगगाडीत चढते आणि दुसऱ्या बाजूच्या दाराने उतरून जाते. पाच गड्ड्या, कारण पाच माणसे. इथून पुढे ती एकेकाला गाठत जाते. पहिला ब्लिस, त्याच्या साखरपुड्याच्या समारंभात ती त्याला गच्चीवरून खाली ढकलते. दुसरा कोराल, एकटा राहणारा बापडा. त्याला संगीताच्या जलशाचे तिकीट पाठवते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर जाऊन दारूतून विष देते. तिसरा मोरान, राजकारणात पडू पाहणारा संसारी गृहस्थ. खोट्या तारेने त्याच्या बायकोला माहेरी धाडून, मुलाची शिक्षिका म्हणून ती घरात शिरते, त्याला जिन्याखालच्या कोंदट खोलीत अडकवते आणि दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद करते. चौथा देल्व्हो, मोडक्या मोटारींचा धंदेवाला. त्याच्यावर पिस्तूल रोखणार तोच पोलीस त्याला चोरीच्या मोटारींपायी घेऊन जातात. पाचवा फर्ग्युस, चित्रकार. त्याच्यापुढे ती शिकारदेवता डायना होऊन धनुष्य घेऊन बसते, आणि एके दिवशी तोच बाण त्याला मारते. राहिला तुरुंगातला देल्व्हो. त्याच्यासाठी ती फर्ग्युसच्या अंत्ययात्रेला हजर राहून स्वतःच अटक करवून घेते, तुरुंगात जेवणाच्या गाडीबरोबर सुरी नेते, आणि आपल्याला रिकाम्या बोळात फक्त किंकाळी ऐकू येते. तिच्यामागोमाग लग्नाची वाजंत्री सुरू होते.

हे असे लिहून काढले म्हणजे गोष्ट झकास वाटते. पडद्यावर मात्र ती थंड पडते, हे नवल.

याचे एक कारण माझ्या ध्यानात आले ते असे. आपल्या लोकांना सूडाची गोष्ट ऐकायची सवय आहे. महाभारत दुसरे काय आहे? पण तिथे आधी सभा होते, मग मोकळे केस, मग तेरा वर्षे, आणि मग कुरुक्षेत्र. खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ लिहिले तेव्हा सैरंध्रीचा अपमान प्रेक्षकाला आधी सोसायला लावला. म्हणूनच भीम उठला तेव्हा थिएटर त्याच्याबरोबर उठले, आणि सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. त्रुफो उलटा चालतो. ही बाई एकामागून एक माणसे का मारते आहे, हे बराच वेळ तो नीट सांगत नाही. चर्चच्या पायऱ्या, पांढरा पोशाख, गोळी, हे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. खरी हकीकत आपल्याला कळते ती तिसरा माणूस कोंदट खोलीत श्वासासाठी तडफडत असताना, त्याच्या गयावया करण्यातून. आणि ती हकीकत काय, तर अपघात! चर्चसमोरच्या खोलीत पाच रिकामटेकडे जमले होते, बंदूक हाताळत होते, आणि गोळी सुटली. घाबरून पळाले आणि पुन्हा एकमेकांचे तोंड पाहायचे नाही असे ठरवून पांगले.

म्हणजे हे पाच जण भित्रे, बेजबाबदार. पण कीचक नव्हेत. इथे चित्रपटाला खरा प्रश्न सापडला होता. आपल्या हातून चुकून घडलेल्या गोष्टीपुढे माणसाने किती देणे द्यावे? ज्यूलीला हे कळल्यावर तिचा हात थांबतो का, निदान थरथरतो का? छे. मोरो पहिल्या खुनाच्या वेळी ज्या चेहऱ्याने उभी असते त्याच चेहऱ्याने चौथ्याच्या वेळी उभी असते. कधी काळा पोशाख, कधी पांढरा, कधी दोन्ही, चेहरा तोच. एकदा ती चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे कबुली देते. डेव्हिड गेला त्याच दिवशी मी मेले आहे, असे काहीसे बोलते. पटते. पण मेलेल्या माणसाचा पावणेदोन तास पाठलाग करण्यात प्रेक्षकाला काय राम?

त्रुफो हिचकॉकचा मोठा भक्त. १९६६ साली त्याने हिचकॉकशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणांचे पुस्तक काढले, ते जगभर गाजले. त्यात हिचकॉकचा तो प्रसिद्ध धडा आहे: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळू दे, मग टेबलाशी बसलेल्यांच्या साध्या गप्पाही त्याला बसू देणार नाहीत. त्रुफोने बॉम्ब ठेवला खरा, पण तो काढून घेणारा कोणी ठेवला नाही. ज्यूलीच्या वाटेत कोणीच येत नाही. पोलीस असून नसल्यासारखे. या पाच जणांची नावे तिला मिळाली कशी, हेसुद्धा चित्रपट सांगत नाही. पांगलेल्या, एकमेकांना विसरलेल्या माणसांचे पत्ते हिला कोणी दिले? विचारायची सोय नाही. आगगाडीतल्या डब्यांसारखे पाच खून एकामागून एक जातात आणि आपण फलाटावर उभे राहून मोजतो.

पण सगळेच टाकाऊ म्हणता येणार नाही, तसे म्हटले तर माझ्या हातून अन्याय होईल. कोरालचा भाग मला अजून आठवतो. मिशेल बुके या नटाने तो एकटा, संकोची, कोणी बाई आपल्याकडे येणार म्हणून आतल्या आत फुलून गेलेला माणूस असा उभा केला आहे, की विषाचा पेला पुढे येतो तेव्हा आपण ज्यूलीच्या बाजूचे राहत नाही. तसाच चित्रकार फर्ग्युस. शार्ल देनेरने केलेला हा माणूस बायकांच्या मागे लागणारा खरा, पण हिच्यावर त्याचे मन बसते. बाण सोडताना ती क्षणभर कचरते की काय असे वाटते, आणि तेवढ्यापुरता चित्रपट जिवंत होतो. आणखी एक लहानसा प्रसंग: मोरानच्या खुनाबद्दल पोलीस त्या मुलाच्या खऱ्या शिक्षिकेला पकडतात, तेव्हा ज्यूली स्वतः फोन करून तिला सोडवते. निरपराध माणूस तिच्या हिशेबात येता कामा नये, एवढी तिची नीती शाबूत आहे. या प्रसंगापाशी आक्का पुढे सरकून बसली. मला वाटले, पाठ दुखत असेल.

हा चित्रपट ज्या कादंबरीवरून घेतला ती अमेरिकन. लेखक कॉर्नेल वुलरिच, साल १९४०. याच लेखकाच्या एका कथेवरून हिचकॉकने १९५४ साली खिडकीत बसून शेजाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाचा तो ‘रिअर विंडो’ काढला होता. वुलरिचची नवरीही एकेका माणसाला गाठून मारते. पण शेवटी तिच्यापुढे येते ती भलतीच गोष्ट: जे मेले त्यांचा नवऱ्याच्या मरणाशी संबंधच नव्हता. गोळी मारणारा निराळाच होता. तिने सगळा जन्म वेचून चुकीची माणसे मारली. कादंबरीचा हा शेवट त्रुफोने काढून टाकला. त्याच्या पाच जणांकडून गोळी खरोखरच सुटलेली आहे, म्हणून हिशेब शेवटी जुळतो. माझ्या मते याच ठिकाणी चित्रपटाचा प्राण गेला. हिशेब जुळणारा सूड ही जमाखर्चाची वही. न जुळणारा सूड, तो मात्र माणसाला झोपू देत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. वाचकांनी मला क्षमा करावी. चित्रपटावर लिहायला बसलेल्या माणसाने घरचे गाठोडे सोडू नये, पण हे गाठोडे सोडल्यावाचून मला या चित्रपटावर प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

१९६६ साली आक्काचे लग्न ठरले होते. स्थळ इंदूरचे, मुलगा शिकलेला, दोन्हीकडची पसंती झालेली, साखरपुडा झालेला. लग्नाला तीन आठवडे असताना इंदूरहून पत्र आले, की आम्हाला हे लग्न करता येत नाही. सोबत एक निनावी पत्र जोडले होते. मुलीला फेपरे येते, घरचे लपवतात, असे त्यात लिहिले होते. आक्काला साधा ताप यायचा मारामार. दादांनी दोनदा इंदूरला माणूस पाठवला. पण संशय एकदा शिरला की शिरला. त्यानंतर आक्का कोणाला दाखवून घ्यायला तयार झाली नाही. बी. एड. केले, शाळेत लागली, आणि या घरातच राहिली.

मी तेव्हा अठरा वर्षांचा. दादांच्या मेजातून ते पत्र काढून मी पाठ होईपर्यंत वाचले. अक्षर मुद्दाम बिघडवलेले होते, पण ‘ज’ मात्र गुजराती वळणाचा होता. त्या एका ‘ज’वर मी आळीतल्या पाच माणसांची यादी केली. ज्यूलीच्या पाच गड्ड्या पडद्यावर आल्या तेव्हा मला ही यादी आठवली आणि मी आक्काकडे पाहायचे टाळले. यादीतून मी चार नावे कशी खोडली, ते सांगण्यात अर्थ नाही. पाचवे उरले. समोरच्या ओटल्याचे एक गृहस्थ, पेटी उत्तम वाजवणारे. उत्सवाच्या सूचना फळ्यावर तेच लिहीत, आणि त्यांचा ‘ज’ हुबेहूब तसा. बडोद्यात निम्म्या लोकांचा ‘ज’ तसाच असतो, हे आज मला कळते. तेव्हा कळून घ्यायचे नव्हते.

मी काही त्यांना गच्चीवरून ढकलले नाही. आपल्या लोकांचा सूड निराळा असतो. मी त्यांच्याशी बोलणे टाकले. १९७४ साली गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस झालो आणि अकरा वर्षे राहिलो. त्या अकरा वर्षांत त्यांच्या पेटीला उत्सवात एकदाही बैठक मिळाली नाही. कधी वेळ नाही, कधी कार्यक्रम भरला आहे, कधी साथीला बाहेरचा माणूस ठरला आहे. ते दर वर्षी विचारायला येत. पुढे पुढे यायचे थांबले. संध्याकाळी खिडकी उघडी टाकून घरीच वाजवीत, आणि मी आमची खिडकी लावून घेई. १९९१ साली ते वारले. मी स्मशानात गेलो नाही.

१९९८ साली आमची आत्या गेली. तिची ट्रंक लावताना तिने लिहिलेली व्रतकथांची वही हाती आली. पहिल्याच पानावर तो ‘ज’, आणि त्याच्याबरोबर ‘फ’, ‘क्ष’, काने, वेलांट्या, सगळे. पुढचे सांगायला नको. तिने हे का केले, ते विचारायला आता कोणी उरले नव्हते. मी ती वही बंबात घातली आणि कोणाला सांगितले नाही. पंचवीसएक वर्षे सांगितले नाही. आक्काला तर नाहीच. तिला आत्याचा फार लळा, उगीच म्हातारपणी कशाला, असा माझा युक्तिवाद.

तर चित्रपट संपला. लग्नाची वाजंत्री वाजली, अक्षरे वर सरकू लागली. मी उठून नेहमीच्या सुरात म्हटले, “काही दम नाही यात. एवढी मोठी नटी वाया घालवली.”

आक्का म्हणाली, “बाई खोटी नाही रे. पण तिला विचारणारं कोणीच नाही त्यात.”

“काय विचारायचं?”

“हेच, की तुला हे हवं आहे का म्हणून.” थोडे थांबून ती म्हणाली, “तू तरी मला कुठे विचारलंस?”

मी गप्प. मग तिने चष्मा पुसत पुसत जे सांगितले ते असे. ते निनावी पत्र दादांच्या मेजावर तिनेही पाहिले होते, आलेल्याच दिवशी. अक्षर कोणाचे ते तिला तिथल्या तिथे कळले होते. आत्याच्या व्रतकथा लहानपणी तीच तर वाचून दाखवीत असे. दादांना सांगितले असते तर त्यांनी बहिणीला घराबाहेर काढले असते, आणि आत्या विधवा, तिला दुसरे घर नव्हते. “आणि ज्या घरानं एका पत्रावर विश्वास ठेवला, तिथे जाऊन मी काय करणार होते?” एवढे ती शांतपणे म्हणाली. वर्गात व्याकरण सांगावे तसे.

“समोरच्यांचं मला कळत होतं,” ती पुढे म्हणाली. “अकरा वर्षं तू काय करत होतास ते. दोनदा तुला सांगायला आले होते. तू मंडळाच्या पावत्या फाडत होतास, म्हणालास नंतर. मग मी दर गुरुवारी त्यांच्याकडे भजनाला जाऊ लागले. त्यांनी कधी तुझं नाव काढलं नाही.”

ते गुरुवार मला आठवतात. आक्का देवळात जाते, असे मी समजत होतो.

त्रुफोने पुढे मुलाखतींतून कबूल केले, की आपण काढलेल्या चित्रपटांपैकी याच एकाचा आपल्याला पश्चात्ताप होतो. मोरोसाठी काही निराळे करायचे होते, पण सूडाला उदात्त ठरवणारा विषय आपण घ्यायला नको होता. रंगांनीही घात केला, असे त्याचे म्हणणे होते. सगळे लख्ख दिसू लागले आणि गूढ काही उरले नाही. छायालेखक राउल कुतार याच्याशी चित्रीकरणात त्याचे इतके खटके उडाले, की ‘ज्यूल आणि जिम’सारखा चित्रपट मिळून केलेल्या या दोघांनी पुन्हा एकत्र काम केले नाही. हर्मनच्या संगीतालाही कात्री लागली. २००३ साली अमेरिकेत टॅरंटिनोने ‘किल बिल’ काढला. त्यातही नवरी, यादी, एकेक नाव खोडणे. लोकांना या चित्रपटाची आठवण झाली; तो म्हणतो, आपण हा पाहिलाच नाही. असेल. यादी करायला कोणी कोणाकडून शिकावे लागत नाही.

आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, गणपतराव जोशी त्यात उभे राहत ती आठवण आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली. तो राजपुत्र पाच अंक घुटमळतो, त्याला भुताने सांगितलेलेसुद्धा खरे वाटत नाही. आधी नाटक करून पारखतो. तरुणपणी मला तो भेकड वाटे. गेल्या रविवारपासून पुन्हा वाचायला घेतला आहे.

ज्यांना त्रुफो आवडतो त्यांनी हा चित्रपट कोराल आणि फर्ग्युस यांच्यासाठी जरूर पाहावा, बाकीचा भाग सुपारी कातरताना पाहिला तरी चालेल. मोरो पाहायची असेल तर ‘ज्यूल आणि जिम’ पाहावा.

समोरच्या गृहस्थांची मुलगी आता कारेलीबागेत राहते. आक्काने परवा तिचा नंबर माझ्यापुढे ठेवला. वडिलांची पेटी अजून तिच्याकडे आहे, भाता फाटला आहे आणि दोन सूर बोलत नाहीत, असे आक्का म्हणते. पेटी दुरुस्त करणारा रावपुऱ्यात एक होता. त्याचे दुकान उघडे आहे की नाही, ते उद्या सकाळी जाऊन पाहणार आहे.